मेनवरची पाटी

सासरे : ...नाही, कम्प्युटरचा पडदा निळा नाही. निळा सकाळी होता. आत्ता काळा आहे, आणि मधे टिपके गोल गोल फिरतायत. घाण्याला जुंपल्यासारखे.

सून : फिरू देत. काही दाबू नका. बाबा, फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवा, म्हणजे हात मोकळे राहतील.

सासरे : ठेवलाय. पण तू जरा हळू बोल. ही आत झोपलीय. साडेतीनला उठते, आता तीनला पाच कमी आहेत.

सून : मलाही हळूच बोलायचंय. ऑफिसच्या जिन्यात उभी आहे मी. व्हिडिओवर दाखवता आलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

सासरे : माझा फोन तोच आहे, बटणांचा. तुमच्या लग्नात घेतलेला. त्याला कान आहेत, डोळे नाहीत. मी वाचून दाखवतो. इंग्रजी हळू वाचतो, पण वाचतो. वायरमनची नोकरी केली चाळीस वर्षं, मीटरवरचं काय सगळं मराठीत होतं?

सून : वाचा. घाई नाहीये.

सासरे : घाई आहे. चारच्या आत चालू व्हायला हवा.

सून : चारला काय आहे?

सासरे : आहे काहीतरी. थांब, बदललं. ऑटो... ऑटोमॅटिक रिपेअर. खाली लिहिलंय, दुरुस्त करता आलं नाही. एवढं सांगायला इतका वेळ लावलास होय रे बाबा!

सून : कोणाला दाखवला होता का?

सासरे : कोपऱ्यावरच्या दुकानातला येऊन गेला काल. उभ्या उभ्या बघितलं आणि म्हणाला, काका, सगळं पुसून नव्याने भरावं लागेल. मी म्हटलं, आतलं? म्हणाला, आतलं जाणार. मी म्हटलं, मग तूच जा.

सून : बरं केलंत.

सासरे : मग विचारणार कोणाला? तुझा नंबर फिरवायला तीन दिवस लागले मला. आठ महिन्यांत एक फोन केला नाही तुला. तुझा तो निरोप आला, पुढच्या महिन्यात लग्न करतेय म्हणून, त्यालाही उत्तर दिलं नाही. आणि आता काम निघाल्यावर बरोबर आठवण झाली. मतलबी म्हातारा म्हणत असशील.

सून : मी काहीच म्हटलेलं नाही. खाली दोन चौकोन असतील बघा. उजवीकडचा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. त्यावर क्लिक करा.

सासरे : विषय बदललास.

सून : बदलला. केलंत क्लिक?

सासरे : केलं. आता ट्रबलशूट असं काहीतरी आहे.

सून : तेच घ्या.

सासरे : घेतलं. पहिलंच दिसतंय, रिसेट धिस...

सून : नाही! हात काढा माऊसवरून.

सासरे : काढला, काढला. केवढ्याने ओरडतेस! करंट बसल्यासारखा दचकलो ना.

सून : तुमच्या त्या दुकानदाराचा रस्ता तोच. चुकून पुढे गेलात तर सगळं पुसलं जाईल. त्याच्या खालचं घ्या. आता काय काय दिसतंय, सगळं वाचा.

सासरे : स्टार्टअप रिपेअर. अनइन्स्टॉल अपडेट्स. सिस्टीम रिस्टोर. आणि दोनतीन आहेत, त्यांच्या वाटेला नको जाऊया.

सून : बाबा, आधी एक सांगा. मशीनमधून कटकट असा आवाज येतो का? बारीक, थांबून थांबून?

सासरे : नाही. पंखा फिरतो तेवढाच. का?

सून : कटकट येत असती तर आतली डिस्कच गेली असती. मग माझ्या हातात काही नव्हतं. आता हे कधीपासून झालंय?

सासरे : गुरुवारपासून.

सून : गुरुवारी काय केलं होतंत?

सासरे : मी काय करणार? मी काही केलं नाही.

सून : बाबा.

सासरे : ते अपडेट का काय म्हणतात ते चालू होतं. तीस टक्के. खाली लिहिलं होतं, बंद करू नका. आणि मला हिच्या डोळ्यांचे थेंब आणायला जायचं होतं. दुकान बाराला बंद होतं.

सून : आणि जाताना तुम्ही मेन स्विच पाडलात.

सासरे : अगं सवय. आत कोणी असलं तरी मेन पाडल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय पडत नाही माझा. तुला ठाऊक नाही का? तुझं दही लागलं नव्हतं एकदा, तेव्हा म्हणालीस फ्रिज बिघडला.

सून : दही लागलं नव्हतं ते दूध गार होतं म्हणून. फ्रिजमधला बर्फ वितळून स्वयंपाकघरात तळं झालं होतं, ते तुमच्यामुळे. बरं, गुरुवारी एकदाच पाडलात ना? पुढचे दिवस त्याला स्वतःला दुरुस्त करायला वेळ मिळायला हवा होता.

सासरे : नाही मिळाला.

सून : का?

सासरे : रोज पाडतो.

सून : रोज?

सासरे : साडेतीनला. ही उठायच्या आधी. मग ही उठली की सांगतो, लाईट गेलीय, आज कम्प्युटर चालू होणार नाही. साडेचार-पाचला परत वर करतो. बिघडलाय म्हणून तिला सांगवत नाही गं मला. शुक्रवारी पाडला, शनिवारी, रविवारी, काल.

सून : म्हणजे मशीन रोज दुपारी आपलं आपण उभं राहायला बघतंय आणि तुम्ही रोज साडेतीनला त्याचे पाय ओढताय.

सासरे : मला काय माहीत तो आत धडपडतोय? मला वाटलं, बंद पडलेलं बंद केलं तर बिघडतं काय!

सून : आईंना एवढं काय लागतं त्यात? त्या तर कम्प्युटरला हातही लावत नव्हत्या.

सासरे : आता रोज लागतो तिला.

सून : बाबा, नीट सांगा. मी अर्ध्या तासाची सुट्टी मागून जिन्यात उभी आहे.

सासरे : त्याचा आवाज आहे त्यात.

सून : कोणाचा?

सासरे : कोणाचा म्हणजे? आपल्या पोराचाच. नवा माइक आणला होता बघ, ऑफिसच्या मीटिंगसाठी. तो चालतो का ते बघत होता, ते तसंच राहिलंय आत. तेरा सेकंद. मी लाईटबिलाचा कागद शोधत होतो तेव्हा सापडलं. बोलतो काय, काहीच नाही. पण बोलतो. ही रोज चारला खुर्ची ओढून बसते आणि लावायला सांगते. चारला, कारण तो चारला खोलीतून बाहेर यायचा. एकदाच ऐकते. मग उठते, तोंड धुते, आणि मग घरात माणूस असल्यासारखं वाटतं. गुरुवारपासून बोलत नाहीये ती. पोळी चतकोर खाते. मी विचारलं की म्हणते, भूक नाही. हॅलो? अगं आहेस का?

सून : आहे.

सासरे : फोन कट झाला वाटलं.

सून : मला का नाही सांगितलंत हे?

सासरे : तुझं नवं घर उभं राहतंय. कशाला मागून पदर ओढायचा?

सून : माझ्याकडे त्याचे हजारावर फोटो आहेत, बाबा. आवाज एक नाही. त्याच्याबरोबर त्याचा फोनही गेला, आणि माझ्या फोनवर आम्ही कधी काही रेकॉर्ड केलंच नाही. रोज समोर असणाऱ्या माणसाला कोण रेकॉर्ड करतं? मागच्या पावसाळ्यात एकदा बसमध्ये बसले होते आणि एकदम लक्षात आलं, मला त्याचा आवाज आठवत नाहीये. काय काय बोलायचा ते सगळं आठवतं. शब्द आठवतात. आवाज नाही. मी दोन स्टॉप पुढे गेले.

सासरे : कोणाला बोललीस?

सून : कोणाला बोलणार? हे असं कोणाला सांगतात का? सिस्टीम रिस्टोर घ्या.

सासरे : अं?

सून : तिसरं. सिस्टीम रिस्टोर. त्यावर क्लिक करा. आधी त्याचं नाव विचारेल.

सासरे : विचारलं. त्याचंच नाव आलंय. पासवर्ड मागतोय.

सून : काही लिहू नका. त्याने ठेवलाच नव्हता. नुसतं एंटर.

सासरे : गेलं पुढे. आता म्हणतोय, मागच्या तारखेला नेतो. अगं, हे तारखेला नेतो म्हणजे काय?

सून : मशीन त्या दिवशी जसं होतं तसं करून ठेवतं. बिघाड व्हायच्या आधीसारखं. आतल्या फाइलींना हात लावत नाही, फक्त चालवणारी यंत्रणा मागे जाते. तारखा दिसतायत का?

सासरे : एकच आहे. गुरुवार. सकाळचे साडेदहा.

सून : तेच हवंय. अपडेट सुरू व्हायच्या आधीचं.

सासरे : बस्स? गुरुवारच? त्याच्या मागे नाही जात?

सून : नाही, बाबा. त्याच्या मागे नाही.

सासरे : मी आपलं विचारलं.

सून : कळलं मला. ती ओळ निवडा, नेक्स्ट, मग फिनिश. विचारेल, नक्की का, एकदा सुरू झालं की मधे थांबवता येणार नाही. हो म्हणा.

सासरे : हो म्हटलं. चाललंय. पट्टी सरकतेय हळूहळू. किती वेळ?

सून : वीस मिनिटं, अर्धा तास. मशीन जुनं आहे. आणि आता ऐका. या वेळेत वीज गेली तर मी काहीही करू शकणार नाही. मेनला हात लावायचा नाही.

सासरे : तेच म्हणाला होता.

सून : कोण?

सासरे : तोच. शब्दन् शब्द तेच. मेनला हात लावायचा नाही. आता बसायचंच आहे अर्धा तास तर सांगतो. हिला नाही सांगितलेलं, कोणालाच नाही. तुला माहितीये ना, आमच्यात पोलावर माणूस चढला की खाली स्विचला पाटी लावायची? माणूस काम करत आहे, चालू करू नये. ती पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची. साहेब आला, मंत्री आला, तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. चाळीस वर्षांत मी दुसऱ्याच्या पाटीला कधी बोट लावलं नाही. निवृत्त झालो तेव्हा भाषणात हेच बोलले सगळे.

सून : हो. सांगायचा तो.

सासरे : तर माझी ही मेन पाडायची सवय. त्याचं काम सारखं जायचं. म्हणून त्याने एक पुठ्ठा कापला, स्केचपेनने लिहिलं, अपडेट काम करत आहे, पाडू नये. दोरा ओवून मेनला टांगला. मी हसलो. म्हटलं, माझीच विद्या मला शिकवतो. तो जायच्या दिवशी ती पाटी टांगलेली होती. मी बघितली. चष्मा लावलेला होता, दिसत नव्हतं असंही नाही. आणि बाहेर पडताना हात गेला वर आणि पाडला मेन. दुसऱ्याची पाटी असती तर हात जागच्या जागी थांबला असता. घरच्या पोराची होती म्हणून... किंमत नाही केली.

सून : बाबा...

सासरे : परत आलो तर तो खोलीत डोकं धरून बसलेला. दोन तासांचं काम गेलं होतं. बोलला मला. मीही बोललो. म्हटलं, माझ्या घरात माझ्या बटणाला मी विचारून हात लावू का? मग ते काम ऑफिसात जाऊन करतो म्हणाला, गाडी काढली. चहा ओतलेला होता कपात. तो तसाच राहिला. नाहीतर त्या वेळी तो त्या वळणावर कशाला असता? घरात बसला असता खोलीत. अडीच वर्षं झाली. मी रोज हिशोब मांडतो, कुठूनही सुरू केला तरी येऊन त्या बटणावर थांबतो.

सून : त्याने मला फोन केला होता.

सासरे : कधी?

सून : निघाल्यावर. पेट्रोलच्या रांगेत होता. मी ऑफिसात होते.

सासरे : चिडलेला असेल.

सून : नाही. हसत होता. म्हणाला, आमचे वायरमनसाहेब घराबाहेर पडताना जगाचा मेन पाडून निघतात. म्हणाला, संध्याकाळी येताना कम्प्युटरला एक बॅटरी घेऊन येतो, मेन पडला तरी चालू राहील, म्हणजे दोघांचंही राज्य चालू राहील.

सासरे : हे तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस.

सून : बाबा, बॅटरीची ऑर्डर दिली होती त्याने. दुकानातून महिन्याने मला फोन आला, घेऊन जा म्हणून. मी गेलेच नाही. आणि तुम्हालाही बोलले नाही, कारण तेव्हा घरात त्याचं नाव काढलं की तुम्ही उठून गॅलरीत जायचात. मला कुठे माहीत तुम्ही काय घेऊन बसलायत!

सासरे : हसत होता?

सून : हसत होता. मीच त्याला म्हटलं, ठेव आता, मागचे हॉर्न वाजवतायत.

सासरे : थांब जरा. चष्मा पुसतो.

सून : पुसा. पट्टी सरकतेय का?

सासरे : अर्ध्याच्या पुढे गेलीय. अगं! साडेतीन! ही उठली, पलंग वाजला. मी जरा पाच मिनिटं मेन...

सून : बाबा! बोर्डाला हात लावू नका!

सासरे : ती बघेल ना! पंखा चालू, दिवा चालू, आणि कम्प्युटर... काय सांगू तिला? ती चारला बसेल आणि हा नाही उठला तर?

सून : तर खरं सांगाल. बसा खाली. पाटी कुठे आहे ती?

सासरे : कोणती?

सून : पुठ्ठ्याची. टाकलीत का?

सासरे : टाकतो होय! मीटरच्या मागे खोचून ठेवलीय.

सून : काढा आणि मेनला टांगा.

सासरे : मी?

सून : तुम्हीच. लावली की दुसरं कोणी हात लावणार नाही. तुम्हीसुद्धा नाही.

सासरे : ...लावली. दोरा जीर्ण झालाय, पण धरलंय.

सासूबाई : काय लावली? आणि कोणाशी बोलताय एवढं?

सासरे : उठलीस? काही नाही, ते आपलं... आज लाईट आहे.

सासूबाई : लाईट रोजच असते. तुम्ही रोज साडेतीनला मेन पाडता.

सासरे : तुला कोणी सांगितलं?

सासूबाई : सांगायला कशाला हवं? मला कमी दिसतं, ऐकू येतं. शेजारचा मिक्सर धडधडत असतो. जगाची लाईट असते आणि वायरमनच्या घरातली तेवढी जाते होय?

सासरे : मग बोलली का नाहीस?

सासूबाई : काय बोलणार? मला वाटलं, तुम्हाला आता त्याचा आवाज सहन होत नाही. रोज मी लावायला सांगते आणि तुम्ही पाठ करून उभे राहता. म्हटलं, तुमचं मन दुखत असेल तर राहू दे. जाऊ दे तेरा सेकंद.

सासरे : वेडे! बिघडलाय तो. माझ्याच हाताने बिघडलाय. गेले पाच दिवस तोंड लपवतोय तुझ्यापासून.

सासूबाई : आणि फोनवर कोण आहे?

सासरे : सून.

सासूबाई : कोणाची?

सासरे : आपली. दुसऱ्या कोणाची सून अशी जिन्यात उभी राहून आपला कम्प्युटर दुरुस्त करील?

सून : आई, मी बोलतेय.

सासूबाई : आवाज बारीक झालाय तुझा. सर्दी झालीय का?

सून : नाही. हो. जरा.

सासूबाई : लग्न कधी आहे?

सून : पुढच्या महिन्यात. सव्वीस तारखेला.

सासूबाई : यांनी उत्तर दिलं नाही तुझ्या निरोपाला. मी चार वेळा म्हटलं. हे म्हणतात, काय लिहू? माणूस बरा आहे ना?

सून : बरा आहे, आई. शांत आहे.

सासूबाई : झालं तर. ये म्हणालीस तर येऊ आम्ही. मागच्या खुर्चीत बसू.

सून : पुढच्या खुर्चीत बसायचं. त्याला सगळं सांगितलंय मी.

सासरे : अगं ए, थांबा दोघी! काळा झाला. पूर्ण काळा झाला सगळा. गेला बहुतेक.

सून : बंद होऊन परत सुरू होतोय. हात लावू नका. दिवा पेटलाय का पुढचा?

सासरे : पेटलाय.

सून : थांबा मग.

सासरे : काही नाही दिसत. अजून काही नाही. आलं! त्याचं नाव आलं! नाव आलं गं, आणि तो डोंगराचा फोटो. एंटर मारू?

सून : मारा.

सासरे : सगळं आहे. जिथल्या तिथे आहे. ते पिवळं पाकीट पण आहे, ज्यात तो आवाज आहे.

सून : बाबा, आज संध्याकाळी त्याच्या दोन प्रती काढायच्या. कशा ते मी सांगते. एक पेनड्राइव्हवर, एक... एक मला पाठवायची.

सासूबाई : घड्याळात चार वाजले का?

सासरे : दोन मिनिटं आहेत.

सासूबाई : मग लावा. दोन मिनिटं आधी चालतील त्याला.

सासरे : पोरी, तुला ऐकवत नसेल तर फोन ठेव. आम्ही राग मानणार नाही.

सून : फोन जवळ धरा. मशीनच्या अगदी जवळ.

(सासरे फोन उचलून कम्प्युटरच्या स्पीकरला टेकवतात.)

कम्प्युटरमधला आवाज : हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. आई, तो पंखा बंद कर ना जरा, घरघर येतेय. हां. आता? आता येतोय का आवाज?

सासूबाई : येतोय रे.

सासरे : संपलं. एवढंच आहे. पोरी? ऐकलंस ना? अगं, काहीतरी बोल. हॅलो? येतोय का आवाज?

सून : येतोय, बाबा.